रविवारचे हात

शनिवारी साडेसहाला मी डंखाचा खटका खाली ओढते.
मुसळं सवयीने आणखी दोनदा पडतात,
मग एकेक करून उखळात बसतात.
कान मात्र रात्रीपर्यंत कांडतच राहतात.

फाल्गुन संपत आलाय. नंदुरबारात
पथारीवर वाळलेली मिरची आता दारोदार पोचलीय:
माझ्या ओट्यावर पिशव्यांची रांग,
प्रत्येकीत चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, किती किलो, तेल लावायचं की नाही.
एकावर नुसतंच ‘लवकर’.

हात तेलात. मग ताकात. मग साबण, मग पुन्हा तेल.
तिखट नखांच्या मुळाशी
जुन्या भाडेकरूसारखं राहतं,
रात्री दोनला उठवून सांगतं, मी आहे.

शीलास म्हणतो, सीझनला रविवार बंद ठेवणारी
या गल्लीत तू एकटीच.
खरं आहे. पलीकडे पवारांचा डंख
रविवारीच जास्त वाजतो, नोकरदारांना तोच एक दिवस मोकळा.
मशीनचा हप्ता पाच तारखेला.
बँकेच्या पुस्तकात सातवा दिवस असा काही नाही.
शुक्रवारी अर्धा दिवस वीज नसते;
महावितरणचा शब्बाथ मात्र
कुणाच्या बापाला मोडता येत नाही.

समोरची हिराबाई दर रविवारी विचारते,
‘काय वं, आज बी बंद शे का?’
‘शे,’ मी म्हणते.
आमचं एवढंच बोलणं होतं, पण ते चुकत नाही.

मागच्या महिन्यात उपासना सुटल्यावर
पाळकांच्या बायकोनेही, चपला घालता घालता, हळूच:
‘पाचच किलो आहे, सलोमी. संध्याकाळी होईल?’
मी म्हटलं, सोमवारी.
ती हसली, मग लाजली,
आणि घरी येईपर्यंत मला वाटत राहिलं
की मी जरा जास्तच ताठ बोलले.

देवाला माझ्या बंद शटरचं काय करायचंय?
मला नीट सांगता येत नाही.
शीलास स्वतः फाटकावर असतो, रविवारीसुद्धा;
सुरतेची गाडी दहा आज्ञा वाचून थांबत नाही.
त्याचा विसावा कधी बुधवारी येतो,
कधी रस्ता चुकतो.

मला एवढंच माहीत आहे:
जानेवारीत, एका मंगळवारी, तबिथाच्या डोळ्यात काही गेलं.
दोन वर्षांची पोर, दारात उभी, रडून लाल,
दोन्ही हात माझ्याकडे.
मी धावले,
आणि तिच्या तोंडापासून वीतभरावर
माझे हात जागीच थांबले.
मनगटापर्यंत शंकेश्वरी.
पोटच्या पोरीपुढे मी हात पाठीमागे धरून उभी,
चोरी पकडल्यासारखी,
आणि हाका मारतेय हिराबाईला.
तिने पदराच्या टोकाने काढलं.
पापणीचा एक केस होता.

आज सकाळी प्रभुभोजनात
पावाचा तुकडा तळहातावर आला.
तळहात चुरचुरला नाही.
पावाला पावाचीच चव होती.

आता दुपार. शटर खाली.
फोन तांदळाच्या डब्यात; मधूनच तांदूळ थरथरतात,
कुणाची तरी मिरची वाट बघतेय.
बघू दे.
तबिथा मांडीवर. मी तिचं नाक पुसते, भुवया पुसते,
कानामागे राहिलेली पावडर पुसते.
डोळ्यात आज काहीच गेलेलं नाही,
तरी बोटाच्या टोकाने पापण्यांवरून जाते,
डावी, उजवी, पुन्हा डावी,
आणि ती डोळे मिटून घेते, पळत नाही.

पवारांचा ठसका गल्ली ओलांडून येतो.
आम्ही दोघी एकदमच शिंकतो.

मग ती माझा अंगठा धरून तोंडात घालते,
चोखते, थांबते,
माझ्याकडे बघत
तिखट लागायची वाट पाहते.